नवव्या भागाची फेअर

टीव्हीवरच्या विमलनं लाटणं माइकसारखं तोंडासमोर धरलं, पलंगावर ओळीनं मांडलेल्या लोणच्याच्या चार बरण्यांकडे बघितलं आणि ती म्हणाली, "आदरणीय..." आमच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेली एकोणीस माणसं हसली. विसावा मी. माझं हसणं जरा वेगळं होतं. कोण किती हसतंय ते तिरक्या नजरेनं बघत मी हसत होतो. लेखकाला तेवढा हक्क असतो अशी माझी समजूत होती. एकविसावी कुंदा, माझी बायको. ती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही.

मला ते दिसलं. पण तेवढ्यात विमल सभेत पोचली, व्यासपीठावर उभी राहिली, तीनदा "आदरणीय" म्हणाली आणि भाषण विसरून खाली बसली. पुन्हा हशा झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघीतिघी हसता हसता एकदम थांबल्या आणि त्यांनी वळून कुंदाकडे बघितलं. कुंदानं ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली. त्या दिवशी सगळ्यांनी आपापला कप आपणच उचलून घेतला.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. मुलुंडला आमच्या सोसायटीत तेव्हा टीव्ही होते तीन, पण मंगळवारी संध्याकाळी साडेसातला तिन्ही मजले आमच्याकडे लोटत, कारण 'तिसरी शिट्टी' ही मालिका लेखकाच्याच घरी बसून बघायची अशी प्रथा पडली होती. लेखक म्हणजे मी, दिगंबर पेडणेकर. दिवसा विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर, संध्याकाळी साहित्यिक. मालिका तेरा भागांची. भास्करराव आणि विमल असं जोडपं, दोन खोल्यांचा संसार, दर भागात एक भांडण, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली की भांडण मिटलंच पाहिजे असा विमलचा नियम. तिसऱ्या भागात विमल नवऱ्याला सांगते, "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण जेवण माझ्याकडे आहे." हे वाक्य इतकं चाललं की स्टेशनबाहेरचा पेरूवाला आधी ते मला ऐकवायचा आणि मग पेरू द्यायचा. आमच्या साहेबांनी तर एक क्लेम नामंजूर करताना ते वापरलं.

आता माझ्या अक्षराबद्दल सांगायला हवं. आमच्या हेडक्लार्कनं एकदा माझा रजेचा अर्ज उलटा धरून वाचला होता आणि रजा मंजूर केली होती. तेव्हा मी लिहायचं आणि कुंदानं सुवाच्य अक्षरात फेअर करायची, अशी पहिल्या भागापासूनची पद्धत. दुपारची कामं आवरली की ती शिलाई मशीनच्या झाकणावर कागद मांडायची, मध्ये दोन कार्बन घालायची आणि तीन प्रती काढायची. अक्षर असं की टीव्ही केंद्रावरचे नट म्हणत, पेडणेकर, तुमचं स्क्रिप्ट वाचायला चष्मा लागत नाही. फेअर झालेली प्रत मी स्वतः कधी वाचत नसे. एकदा लिहिलं ते लिहिलं, आपलंच आपण परत काय वाचायचं? एका साप्ताहिकाच्या मुलाखतीत मी हे मोठ्या ऐटीत सांगितलंही होतं.

आणि आठवा भाग. जानेवारीत सोसायटीच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. पाहुण्या म्हणून एक डॉक्टरीणबाई यायच्या होत्या आणि त्यांची ओळख कुंदानं करून द्यायची होती. पंधरा दिवस ती आरशासमोर लाटणं धरून पाठ करत होती. श्रोते म्हणून पलंगावर बरण्या. आंबा, लिंबू, मिरची आणि मुरांबा. मुरांब्याकडे बघून बोललं की भीती कमी वाटते, असं तिनं मला सांगितलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी ती तीनदा "आदरणीय" म्हणाली आणि खाली बसली. ते सगळ्या बायकांनी बघितलं होतं. पण लाटणं आणि बरण्या फक्त मला माहीत होत्या. त्या संध्याकाळी ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली होती आणि म्हणाली होती, हे कुणाला सांगू नका हं.

मी कुणाला सांगितलं नाही. फक्त लिहून काढलं.

तो भागही तिनंच फेअर केला होता. शेवटचं पान झाल्यावर तिनं पेनला टोपण लावलं आणि विचारलं, "हे असंच द्यायचं?"

"हो. का?"

"काही नाही," म्हणाली.

केंद्रावर आमच्या निर्मात्या ताम्हाणेबाई. त्यांनी मात्र रेकॉर्डिंगच्या दिवशी तोंड वाकडं केलं होतं. म्हणाल्या, "हा भाग जरा कोरडा वाटतो हो. नेहमीचा तुमचा हात यात दिसत नाही." मी मनात म्हटलं, बाईंना विनोदातलं काय कळतं.

तर त्या मंगळवारपासून कुंदानं माझ्याशी अबोला धरला.

अबोला आमच्या घरात नवीन नव्हता. पण आधीचे अबोले दीड दिवसाच्या गणपतीसारखे. आले कधी आणि बोळवले कधी ते कळायचंही नाही. हा वेगळा होता. चहा वेळेवर, डबा वेळेवर, शर्टाला इस्त्री, आणि शब्द एक नाही. जेवायच्या वेळी ती भिंतीकडे बघून म्हणायची, "ज्यांना जेवायचं असेल त्यांनी बसावं." घरात आम्ही दोघंच. मी बसायचो. मीठ कमी आहे असं मी म्हटलं, तर मिठाचं भांडं समोर यायचं, पण ते ताटाला उद्देशून.

महत्त्वाचा निरोप असला तर शेजारच्या माई टिपणिसांमार्फत यायचा. माई सत्तरीच्या, एकट्या, कान तिखट. "दिगंबर, कुंदा म्हणते गॅसचा नंबर लावायचाय," असं सांगायला त्या सकाळी दारात यायच्या. कुंदा त्यांच्या मागे दोन हात अंतरावर उभी. मी म्हणायचो, लावतो म्हणून सांगा. माई मान वळवून सांगायच्या, "लावतो म्हणतोय." दुसऱ्याच दिवशी माईंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "काय केलंस ते मला माहीत नाही. पण ती भांडत नाहीये, हे बरं लक्षण नाही."

मला ते पटत होतं, पण माफी मागायची म्हणजे आधी चूक कबूल करायची, आणि मी तर कलाकृती निर्माण केली होती. शिवाय नववा भाग बुधवारी संध्याकाळपर्यंत लिहून व्हायला हवा होता. शुक्रवारी रेकॉर्डिंग, मंगळवारी प्रक्षेपण, अशी आमची हातातोंडाची गाठ. विषय सुचेना. मग सुचला. घरात आयता होता तो.

मी अबोल्यावरच भाग लिहिला. आज हे लिहिताना लाज वाटते, त्या वेळी नाही वाटली. माझ्या नवव्या भागात विमल नवऱ्याशी अबोला धरते. पहिला दिवस जातो, दुसरा जातो. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर कुणाचं तरी लग्न ठरल्याची बातमी तिला कळते, ती सांगायला घरात दुसरं कुणी नसतं, बिचारीचं पोट फुगतं, आणि कुकरची तिसरी शिट्टी होताच ती धावत येऊन म्हणते, "अहो, ऐकलंत का?" भास्करराव वर्तमानपत्राआड मिशीत हसतात. समाप्त. मला वाटलं, वाचून कुंदाला इशारा कळेल. एका दगडात दोन पक्षी.

कागद मी मशीनवर ठेवले. भीती होती की ती हात लावायची नाही. पण गुरुवारी संध्याकाळी घरी आलो तर तीन प्रती टाचणी लावून तयार. मी मनात म्हटलं, अबोला आहे, असहकार नाही. म्हणजे बर्फ वितळतोय. प्रती मी न बघताच पिशवीत घातल्या आणि सकाळी ऑफिसला जाताना केंद्रावर देऊन आलो.

शुक्रवारी ऑफिसात इन्स्पेक्शन लागलं आणि मला रेकॉर्डिंगला जाता आलं नाही. दुपारी ताम्हाणेबाईंचा फोन आला. अख्खं डिपार्टमेंट ऐकत होतं. बाई सहसा स्तुती करत नसत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज जड होता. म्हणाल्या, पेडणेकर, आजवरचा हा तुमचा सगळ्यात चांगला भाग. शेवटचा प्रसंग करताना आमचे भास्करराव खरंच रडले, आम्ही तो तसाच ठेवलाय. भास्करराव का रडले असतील ते मला कळेना. मिशीत हसायचं होतं ना त्यांना? पण स्तुती दारात आली की तिला कुठून आलीस असं विचारू नये. मी आभार मानले.

शनिवार-रविवार वाईट गेले. ऑफिसातला एक मजेदार किस्सा मी घरी येऊन कपाटाला सांगितला. कुंदा असती, म्हणजे होतीच ती, पण पूर्वीची असती, तर तिनं मधेच तोडून त्याचा शेवट माझ्यापेक्षा चांगला केला असता. ती नेहमी तसं करायची आणि मी चिडायचो. त्या रविवारी मला कळलं की मी तिच्याशिवाय किस्सासुद्धा पुरा करू शकत नाही. मला तिचा आवाज हवा होता. रागावलेला चालला असता.

मंगळवार उजाडला. साडेसातला हॉल भरला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी करमरकर, निवृत्त हेडमास्तर, नेहमीप्रमाणे एकुलत्या एका आरामखुर्चीत. माई टीव्हीच्या अगदी जवळ. कुंदा स्वयंपाकघरात, तिथून पडदा दिसायचा आणि कुकरकडेही लक्ष राहायचं.

सुरुवात माझीच होती. विमलचा अबोला, भिंतीशी बोलणं, मिठाचं भांडं. लोक हसत होते, मी तिरक्या नजरेनं बघत होतो. पडद्यावर तिसरा दिवस आला. खालच्या मजल्यावरच्या लग्नाची बातमी आली. विमलनं ती ऐकली, मान डोलावली आणि शांतपणे तांदूळ निवडायला बसली. मी सावरून बसलो. हे मी लिहिलं नव्हतं.

मग भास्करराव बेडरूममध्ये आले. दार लोटून घेतलं. इकडेतिकडे बघितलं, आणि शर्टाच्या आतून लाटणं काढलं.

हॉलमध्ये खसखस पिकली. मी तिरक्या नजरेनं बघायचं विसरलो.

त्यांनी पलंगावर ओळीनं चार बरण्या मांडल्या. आरशासमोर उभे राहिले. लाटणं तोंडाशी धरलं आणि म्हणाले, "आदरणीय विमल..." पुढे काही येईना. घसा खाकरला. "आदरणीय विमल, परवा जे झालं, त्यात थोडी तुझीही..." थांबले. आंब्याच्या बरणीकडे बघून म्हणाले, "नाही, असं नको, नाही का?" आंबा काही बोलला नाही. आता लोक पोट धरून हसत होते. तिसऱ्यांदा त्यांनी मुरांब्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तू मला विश्वासानं सांगितलंस, आणि मी ते चारचौघांत मांडलं. लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं. त्याचीच लाज वाटते." हे म्हणताना नटाचे डोळे भरून आले, आणि हॉल एकदम गप्प झाला.

मग ते लाटणं घेऊनच स्वयंपाकघरात गेले. विमल पाठमोरी. त्यांनी तोंड उघडलं, आणि नेमकी कुकरची तिसरी शिट्टी झाली. लांबलचक. त्यांचे ओठ हलताना दिसले, शब्द एक ऐकू आला नाही. शिट्टी थांबली. विमल वळली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "ऐकू आलं नाही. पुन्हा."

समाप्त. लेखन: दिगंबर पेडणेकर.

टाळ्या पडल्या. आजवर हशा पुष्कळ मिळाला होता, टाळ्या पहिल्यांदाच. कुणी माझी पाठ थोपटली. माई पदरानं डोळे पुसत होत्या. करमरकर आरामखुर्चीतून उठले, जे ते राष्ट्रगीताशिवाय करत नसत, आणि म्हणाले, "पुरुषानं असं लिहायला मन मोठं लागतं. मी सेक्रेटरी या नात्यानं लेखकाला विनंती करतो, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी उभा राहिलो. नाही म्हणायचीही संधी नव्हती. आमच्याकडे दोन शब्द म्हटलं की उभं राहावंच लागतं. समोर एकोणीस चेहरे. स्वयंपाकघराच्या दारात कुंदा. तिचा चेहरा काही सांगत नव्हता. ती फक्त बघत होती, मी आता काय करतो ते.

करायला काय, सोपं होतं. हात जोडायचे, थोडं ओशाळं हसायचं, आणि तो टाळ्यांचा हार गळ्यात घालून घ्यायचा. कुणाला कळणार होतं? आठ दिवसांचा अबोला होताच, तो उरलेल्या आयुष्याचा झाला असता, एवढंच.

"आदरणीय," मी म्हणालो.

आणि पुढे काही सुचेना. खरंच सांगतो, रिकामं झालं डोकं. पुन्हा म्हणालो, "आदरणीय..." लोकांना वाटलं मी नाटक करतोय. ते हसायला लागले. त्या हसण्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिलं की ते कसं ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"हे मी लिहिलेलं नाही," मी पुटपुटलो. "कुंदानं लिहिलंय."

हसणं चालूच होतं. पुढच्या रांगेतसुद्धा ते कुणाला ऐकू गेलं नसावं. पण दारातून आवाज आला, आठ दिवसांत पहिल्यांदा, आणि भिंतीला किंवा ताटाला नाही, मला.

"ऐकू आलं नाही. पुन्हा."

मी मोठ्यानं म्हणालो. इतक्या मोठ्यानं की दुसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, काय रे, कुंदानं काय लिहिलं? या वेळी हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मग माई म्हणाल्या, "मला वाटलंच." आणि पुन्हा टाळ्या पडल्या, पण त्या माझ्याकडे बघून नव्हत्या. कुंदा पदराशी चाळा करत उभी होती. करमरकरांनी तिलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "मी लिहून देईन."

माणसं पांगली. मी सतरंजी झटकून घडी केली, जे मी एरवी करत नसे. कुंदा कप गोळा करत होती.

"छान लिहिलंस," मी म्हणालो. "एकदम पहिल्यांदाच लिहिलंस, आणि..."

"पहिल्यांदा?" ती कप विसळता विसळता म्हणाली. "अहो, आणि पहिले सात?"

मला समजलं नाही. म्हणजे समजलं, पण मी ते समजून घ्यायला तयार नव्हतो. कपाटावरच्या पिशवीत माझे कच्चे कागद होते. ते मी खाली ओढले आणि तिसरा भाग काढला. माझं अक्षर मलाही नीट लागेना. भिंगासारखे डोळे करून वाचलं. जिथं "पण जेवण माझ्याकडे आहे" हे वाक्य हवं होतं, तिथं मी लिहिलं होतं: विमल रागाने आत जाते. पाचवा भाग काढला. ज्या प्रसंगाबद्दल मला नागपूरहून प्रेक्षकांची पत्रं आली होती, तो प्रसंग माझ्या कागदावर नव्हताच. तिथं चहाचा डाग होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या भागात एक वाक्य बदललं," ती म्हणाली. "वाटलं, कळल्यावर ओरडाल. तुम्ही टीव्हीसमोर बसून मांडीवर थाप मारलीत आणि म्हणालात, वा, काय लिहून गेलो मी. मग दुसऱ्यात दोन बदलली."

मला ती थाप आठवली. सातही थापा आठवल्या. मी खाली बसलो, सगळे कागद आजूबाजूला पसरलेले. चोर मी होतो की ती, हेच कळेना. मग एक गोष्ट डोक्यात आली आणि मी मान वर केली.

"मग आठवा? तोही तूच फेअर केला होतास. तो का नाही बदललास? लाटणं, बरण्या... काढून टाकलं असतंस तर मला पत्तासुद्धा लागला नसता."

कुंदानं नळ बंद केला. हात पुसले. कितीतरी वेळ तिनं हात पुसले.

"वाटलं, तुम्ही काढाल," ती म्हणाली. "विचारलंही होतं, असंच द्यायचं का म्हणून. त्यात मी एक काना-मात्रा बदलली नाही. आठवा तेवढा पूर्ण तुमचा आहे."

मालिकेतल्या नवऱ्याला शिट्टीचा आडोसा मिळाला होता. आमच्या कुकरची वाफ केव्हाच गेली होती. घरात इतकी शांतता होती की मी जे म्हणालो ते पहिल्यांदाच नीट ऐकू गेलं. ते इथे लिहीत नाही. चारचौघांत न मांडायच्या गोष्टी असतात, एवढं मी त्या आठवड्यात शिकलो.

तिनं ऐकून घेतलं. मग कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले, दोन ताटं काढली, आणि भिंतीकडे न बघता म्हणाली, "बसा. वाढते."